ओहोटीला निजणारी विहीर

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीत चढायचं तर आधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. पहिल्या दिवशी मी चपला एका हातात आणि फायलींची पिशवी डोक्यावर धरून चढले, तेव्हा होडीतल्या दोन बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि शहाणपण उशिरा, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात दोन्हींचा वाटा आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी एका संस्थेत नोकरीला होते. बेटांवरच्या मच्छीमार वस्त्यांना बदलत्या हवामानाला तोंड द्यायला मदत करायची, असं आमच्या कामाचं नाव होतं. सासूबाईंनी ते ऐकून विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं. मी मूळची अर्नाळ्याजवळच्या वटारची, बागायतदाराची मुलगी. केळीच्या वाडीत वाढले, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन नालासोपाऱ्यात, तुळिंजला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. विहीर, इंजिन, पाइप हा माझ्या डाव्या हातचा मळ. वडिलांच्या वाडीतलं डिझेल इंजिन मी दहावीत असल्यापासून हँडल मारून चालू करायची. त्यामुळे एका बेटावर पाण्याची अडचण आहे असं कळल्यावर वरिष्ठांनी माझंच नाव घेतलं, आणि मीही लगेच मान डोलावली.

बेटाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटणार नाही, मलाच वाटेल. चाळीसेक घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. मधे मोकळं मैदान, मैदानाच्या कडेला विहीर. पश्चिमेला आणखी एक विहीर होती, ती काही वर्षांपूर्वीच्या उधाणात समुद्रानं वाळू भरून बुजवून टाकली होती. आता ही एकच उरलेली. तिचं पाणी बिघडलं तर बेट सोडून पलीकडे किनाऱ्यावर, दुसऱ्याच्या जागेत जाऊन राहावं लागणार, हे तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

विहिरीची राखण एका म्हातारीकडे होती. पगारबिगार काही नाही, सासूकडून तिच्याकडे आलेलं काम. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागले. तिचं घर पश्चिमेच्या टोकाला, बेटावरचं अगदी शेवटचं. काळ्या दगडांचं भक्कम जोतं, वर कुडाच्या भिंती आणि कौलं. नवरा दर्यात गेलेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन सातपाटीला. घरात ती एकटीच.

पहिल्या बैठकीत मी भिंतीला तक्ता लावला. समुद्राची पातळी कशी चढतेय, किनारा कसा मागे सरकतोय, सगळं रंगीत रेघांनी काढलेलं. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं, मग मला बाहेर घेऊन गेली आणि पाण्याकडे बोट केलं.

"ती होडी नांगरलीय ना, तिथं माझ्या लग्नाचा मांडव होता," ती म्हणाली. "तुझा कागद बरोबर हाय."

मी बघत राहिले. किनाऱ्यापासून ती होडी चांगली लांब होती आणि मधे नुसतं पाणी हलत होतं. त्या पाण्याखाली कधीकाळी पंगती बसल्या होत्या, कुणीतरी वरमाईचे पाय धुतले होते. तक्त्यावरची रेघ मी स्वतः पट्टी लावून ओढली होती, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता विहिरीचा नेम सांगते. भरतीला पाणी काढायचं, ओहोटीला नाही. ओहोटी लागली की मावशी विहिरीच्या तोंडावर आडवा बांबू टाकायची, आणि तो असेपर्यंत कुणी पोहरा सोडायचं नाही, मग घरात पाहुणे येवोत की बाळंतीण असो. पोहऱ्याचा दोर मुद्दाम आखूड ठेवलेला, पाण्याच्या वरच्या थराला जेमतेम टेकेल एवढाच. भरतीची वेळ सगळ्या जणी तिथीवरून काढायच्या. तिथीची पाऊणपट केली की झालं. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती. त्यानंतर तासाभरानं विहीर जागी होते, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे बायांची पाण्याची वेळ रोज बदलायची. कधी भर दुपारी, कधी पहाटे.

"ओहोटीला का नाही काढायचं?" मी विचारलं.

"ओहोटीला विहीर निजते," मावशी म्हणाली. "निजलेल्या बाईला ढोसायचं नसतं."

मी हसले. तिच्या तोंडावर हसले. मनात म्हटलं, बायकांचे हाल हाल होतायत आणि या आपल्या जुन्या समजुती कवटाळून बसल्यात. माझा हेतू वाईट नव्हता. पहाटे हंडे घेऊन धावणाऱ्या बाया मला खरंच बघवायच्या नाहीत. पण हेतू चांगला असला की माणूस दुसऱ्याचं ऐकायचा बंद होतो, निदान मी तरी झाले. विहिरीवर डिझेल इंजिन, मैदानात सिमेंटची टाकी आणि आळीत सहा नळ, असा आराखडा मी आठवड्यात काढला आणि मंजूरही करून घेतला.

माघातल्या शुद्ध द्वादशीला सकाळी नऊ वाजता इंजिन चालू केलं. नळांना धो धो पाणी आलं. एक बाई नळाखाली पाय धरून कितीतरी वेळ उभी राहिली, दुसरी नुसतीच तोटी उघडत होती आणि बंद करत होती. द्वादशीला भरतीही नऊलाच असते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी त्या दिवशी इतकी खूश होते की परतताना होडीत चढताना साडी कमरेपर्यंत भिजली तरी कुणावर चिडले नाही.

तेव्हापासून रोज नऊ ते साडेदहा इंजिन चालायचं. नऊ का, तर माझी होडी साडेआठला पोचायची म्हणून. आठवडा गेला. त्या दिवशी संकष्टी होती, माझा उपास होता. मी हँडल हातात घेतलं तर मावशी इंजिनापुढे येऊन उभी.

"आज नको लावू बाय. चौथ हाय. नऊला पुरी ओहोटी. ती निजलीय."

"मावशी, इंजिनाला तिथी कळत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मला फार आवडलं होतं. घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं. "तू शिकलेली हायेस," मावशी म्हणाली आणि बाजूला झाली. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचंच मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात एक बाई पातेलं घेऊन माझ्याकडे आली. तुरीची डाळ सकाळपासून चुलीवर होती आणि दाणे खड्यासारखे कडक. "डाळ शिजत नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, डाळ जुनी असेल, वाण्याला जाब विचारा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून तीच तक्रार. तिसऱ्या घरी चहा नासला. तेव्हा कुठे मी नळाखाली ओंजळ धरली आणि तोंडाला लावली. पाणी मचूळ होतं.

ही चव मला पाठ होती. वटारला आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी असंच मचूळ झालं होतं. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आणि वडील एक दिवस फावडं भिंतीला लावून ठेवून ओट्यावर बसून राहिले. नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगींना टँकर भरभरून पाणी नेणाऱ्यांना आम्ही तेव्हा घरात बसून शिव्या घातल्या. आमचं स्वतःचं इंजिनही रात्रंदिवस चालायचं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि लग्नानंतर तुळिंजच्या फ्लॅटमध्ये त्याच टँकरच्या पाण्यानं मी भांडी घासत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय. जे माझ्या बापाच्या विहिरीचं झालं ते मी स्वतःच्या हातानं इथं करून ठेवलं होतं.

आळीतलं कुणी मला बोललं नाही. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर मीही तोंड उघडलं असतं, भांडले असते, मोकळी झाले असते. पुरुषांनी इंजिन उचलून एका पडवीत नेऊन ठेवलं. मावशीनं विहिरीवर बांबू टाकला.

"आता भरतीलाबी निजू दे तिला," ती म्हणाली.

मी त्या रात्री घरी गेले नाही, मावशीकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून विहिरीच्या कठड्यावर पालथी पडले. आतल्या दगडांवर खडूनं खुणा केल्या आणि दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी लिहून घेऊ लागले. समुद्र चढायला लागला आणि थोड्या वेळानं विहीरही चढायला लागली. एक बोट, दोन बोटं, मग वीतभर. समुद्र उतरला, तशी तीही मागोमाग उतरली. दिवसभर मी एका विहिरीला श्वास घेताना बघितलं. मग दगड बांधलेली बाटली सोडली, बुचाला वेगळी दोरी, म्हणजे हव्या त्या खोलीवर बूच उपसता येतं. वरचं पाणी पिण्याजोगं, जरासंच मचूळ. हातभर खालचं जिभेला झोंबणारं. त्याच्याही खालचं म्हणजे निव्वळ समुद्र.

म्हणजे बेटाखाली सगळीकडे खारं पाणीच होतं. पावसाचं जे गोडं पाणी वाळूत मुरत होतं, ते त्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत होतं. भरती आली की समुद्र ती साय खालून उचलून धरायचा. ओहोटीला ती खाली बसायची, आणि तेव्हा जोरात उपसलं की खालचं खारं वर घुसायचं. चाळीस घरांच्या कितीतरी पिढ्या त्या पातळ सायीवर जगल्या होत्या. त्यांनी ती कधी मोजली नव्हती, बाटली सोडून बघितली नव्हती, आणि तरी आखूड दोर, आडवा बांबू आणि तिथीची पाऊणपट एवढ्यावर तिला धक्का लागू दिला नव्हता. हे कुणी पहिल्यांदा ओळखलं असेल? किती जणींनी किती वर्षं पाणी चाखून चाखून ते ठरवलं असेल? मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षाही मी थक्क झाले होते. मंदिरात जसं आपोआप होतं तसं माझं कपाळ त्या कठड्याला टेकलं.

संध्याकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. खालचं खारं, वरचं गोडं, भरती कशी उचलते ते. ती बोंबील उलटवत होती.

"तेच तर सांगत होतो आमी," ती म्हणाली.

मग अर्नाळ्याहून पिंपांत भरून होडीनं पाणी यायला लागलं. माणशी एक कळशी. उन्हं वाढली तसं तेही पुरेना. दोन कुटुंबं पलीकडे जागा बघून आली. मैदानात बैठक बसली तेव्हा कुणीतरी म्हणालं, तसंही दर्या खातोच आहे, आता पाणीही नाही, कशाला धरून बसायचं? पुष्कळ माना हलल्या. मावशी उठली. एरवी ती बैठकीत बोलायची नाही.

"तुमी जाल, तुमाला पोरं हायेत," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ? जावयाच्या दारात मरायला?"

मी मागे बसले होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी तिच्यात जावं.

दुसऱ्या दिवसापासून मी मावशीच्या मागे लागले. पाऊस पडल्यावर पाणी कुठून कुठे जातं ते दाखव म्हटलं. आता मी विचारत होते आणि ती सांगत होती. मैदानाचा उतार पश्चिमेला होता. सगळा पाऊस तिच्या घराशेजारच्या खोलगट जागेतून तासाभरात समुद्राला मिळायचा. "येतो नि पलतो," ती म्हणाली. त्याला पळू दिलं नाही, तिथं गुडघाभर उंचीची पाळ बांधून चार दिवस मैदानात थांबवलं, तर ते मुरेल आणि साय जाड होईल. चाळीस पावलांची पाळ. मला हिशेब सोपा वाटला.

आधी आम्ही वाळूची पोती रचली. एका उधाणानं ती फाडून टाकली. दगडच हवे होते. पलीकडून दगड आणायचे तर मंजुरी हवी, आणि मंजुरी येईपर्यंत होड्या पावसाळ्यासाठी ओढून वर घ्यायची वेळ आली असती. मी कार्यालयात जाऊन भांडले, टेबलावर हात आपटला. उपयोग शून्य. परत आले तेव्हा मावशी पडवीत बसली होती.

"किती दगड लागतील?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं वळून स्वतःच्या घराकडे बघितलं, वरून खालपर्यंत, जसं बाजारात एखादी वस्तू बघतात तसं.

"जोत्यात तेवढे हायेत."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. मावशी, वेड लागलंय का तुम्हाला, चूक माझी आणि घर तुमचं, हे मी होऊ देणार नाही, असं बरंच काही बोलले. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "दर्या नेनारच हाय. ह्या वर्साला नाय तर पुढच्या. त्याला कशाला देऊ?"

आळीत काही काळ कुणी तिला होकार दिला नाही. म्हातारे पुरुष येऊन समजावून गेले. पण ती ज्या दिवशी स्वतः शिडीवर चढली आणि कौलं उतरवायला लागली, त्या दिवशी सगळ्या बाया आल्या. पुरुष पलीकडच्या अंगाला होड्या ओढत होते. होडी वर घेताना सगळे एका सुरात हाळी देतात आणि त्या हाळीच्या ठेक्यावर जोर लावतात. बायांनी तीच हाळी उचलली. मावशीच्या घरापासून त्या खोलगट जागेपर्यंत रांग लागली आणि दगड हातोहात सरकू लागला. मीही रांगेत होते. माझ्या डावीकडे डाळीचं पातेलं घेऊन आलेली बाई, उजवीकडे होडीत मला हसलेली. एकेक दगड असा वजनदार की हात खांद्यातून निखळेल असं वाटायचं, आणि त्या बाया ठेका चुकत नव्हत्या. इकडे हाळी, तिकडे हाळी, बेटाच्या दोन्ही बाजूंनी. इतक्या वर्षांत मी मोठमोठी कामं पाहिली, धरणाच्या भिंतीवर उभी राहिले, पण माणसांची अशी ताकद परत पाहिली नाही.

दोन दिवसांत जोतं संपलं. शेवटी उंबऱ्याचा दगड उरला. मावशीनं त्यावर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि मग म्हणाली, "घ्या."

तिच्यासाठी विहिरीजवळ पत्र्याची एक खोली उभी केली. पावसाळ्यात पाळ टिकली. मैदानात पाणी तुंबलं, त्यात बेडूक ओरडले, आळीतल्या सगळ्यांना सर्दी झाली, आणि कुणी कुरकुर केली नाही. विहीर बंदच होती. आश्विनात, नवरात्र संपल्यावर, एका भरतीला मावशीनं बांबू काढला. पहिल्या कळशीचं पाणी तिनं कुणाला चाखू दिलं नाही. सरळ पातेल्यात ओतलं, त्यात मूठभर तूरडाळ टाकली आणि चूल पेटवली. आळी भोवती उभी. मी तर नखं खात होते. बऱ्याच वेळानं तिनं पळीनं एक दाणा काढला, फुंकर मारली आणि दोन बोटांत दाबला. दाण्याचं पीठ झालं.

"शिजली," ती म्हणाली. मी सगळ्यांसमोर रडले.

पलीकडे जागा बघून आलेली दोन्ही कुटुंबं बेटावरच राहिली. पुढच्या वर्षी श्रावणातल्या मोठ्या उधाणात समुद्रानं पश्चिमेचं टोक खाल्लं. नारळी पौर्णिमा झाल्यावर होड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी गेले. मावशीचं घर होतं तिथं समुद्र होता. पाळ मात्र त्याच्या अलीकडे, तशीच उभी होती. आम्ही दोघी पाळीवर बसलो. दीड वर्ष मनात धरून ठेवलेलं वाक्य मी शेवटी बोलले.

"मावशी, माझ्यामुळे तुमचं घर गेलं."

तिला मी काय म्हणतेय ते जणू कळेचना. तिनं पाळीच्या दगडांकडे बघितलं, मग विहिरीकडे, जिथं बाया हंडे घेऊन जमायला लागल्या होत्या.

"गेलं कुठं?" ती म्हणाली. "रोज पितो ना आमी सगळी."